मेंदूच्या प्रतिमांची विभागणी : अनुदैर्घ्य अभ्यासातील गुणवत्तेची तपासणी

१. प्रश्नाचे स्वरूप

एखाद्या अवयवाचे आकारमान मोजणे आणि त्या आकारमानात कालांतराने पडणारा फरक मोजणे, ही दोन कार्ये वरवर पाहता एकच वाटतात. पहिले मोजमाप दोनदा केले व एकातून दुसरे वजा केले की फरक हाती येतो, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. परंतु मोजावयाचा फरक जेथे मोजमापाच्या साधनाच्या सूक्ष्मतेपेक्षाही लहान असतो, तेथे हे गृहीत टिकत नाही. मेंदूच्या चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमांवर, म्हणजेच प्रचारातील नावाने एम.आर.आय. स्कॅनवर, आधारलेले अनुदैर्घ्य अभ्यास हे अशा परिस्थितीचे ठळक उदाहरण होय.

अनुदैर्घ्य अभ्यासात त्याच व्यक्तींची ठराविक अंतराने पुनःपुन्हा पाहणी केली जाते. निरनिराळ्या वयांच्या व्यक्तींची एकाच वेळी तुलना करणाऱ्या एककालिक अभ्यासापेक्षा ही रीत खर्चिक व कष्टाची असली, तरी वार्धक्य, रोगाची प्रगती, बालवयातील वाढ यांसारखे विषय तिच्यावाचून नीट उलगडत नाहीत. अमेरिका व कॅनडा येथे २००४ साली सुरू झालेला ‘ॲडनी’ हा अल्झायमर रोगविषयक उपक्रम आणि अमेरिकेतील २१ केंद्रांवर जवळजवळ १२,००० मुलांचा नवव्या-दहाव्या वर्षापासून पाठपुरावा करणारा ‘एबीसीडी’ अभ्यास, हे या प्रकारचे सुप्रसिद्ध प्रयत्न होत. अशा उपक्रमांतील प्रतिमांची संख्या इतकी मोठी असते की, प्रत्येक प्रतिमेत तज्ज्ञाने हाताने सीमारेषा काढणे केवळ अशक्य ठरते. ते काम संगणकाकडे सोपवावे लागते.

विभागणी म्हणजे प्रतिमेतील प्रत्येक घनबिंदूला, म्हणजे व्हॉक्सेलला, तो मेंदूच्या कोणत्या भागाचा आहे याचे नाव देणे होय. हा व्हॉक्सेल सामान्यतः सुमारे १ मिलिमीटर बाजूचा घन असतो. तो करड्या द्रव्याचा, श्वेत द्रव्याचा, हिप्पोकॅम्पसचा की मस्तिष्कमेरुद्रवाचा, हे त्याच्या छटेवरून, स्थानावरून व शेजारच्या व्हॉक्सेलांवरून ठरविले जाते. बॉस्टन येथील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या मार्टिनोस केंद्रात विकसित झालेली ‘फ्रीसर्फर’ ही आज्ञावली या कामासाठी जगभर वापरली जाते. संगणकाने केलेली ही विभागणी तपासून घेतली पाहिजे, याविषयी मतभेद नाही. मतभेद आहे, किंवा निदान संदिग्धता आहे, ती नेमके काय तपासावयाचे याविषयी. सीमारेषा बरोबर आहे की नाही, हा एककालिक अभ्यासाचा प्रश्न झाला. अनुदैर्घ्य अभ्यासाचा प्रश्न निराळा आहे. प्रत्येक भेटीच्या वेळी जी काही चूक होते ती सारखीच होते काय, की काळाबरोबर ती एकाच दिशेने सरकत जाते? प्रस्तुत लेखात या दुसऱ्या प्रश्नाचा विचार केला आहे.

२. मोजावयाचा फरक किती सूक्ष्म असतो

प्रथम परिमाणाची कल्पना येणे आवश्यक आहे. स्मृतीशी निगडित असलेल्या हिप्पोकॅम्पस या भागाचे आकारमान प्रौढ व्यक्तीत प्रत्येक बाजूस साधारणपणे ३,००० ते ४,००० घन मिलिमीटर असते. हिशेबासाठी ते ३,५०० घन मिलिमीटर धरले, तर १ मिलिमीटर बाजूचे ३,५०० व्हॉक्सेल होतात. बार्न्स व त्यांचे सहकारी यांनी २००९ साली पूर्वीच्या अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यानुसार हिप्पोकॅम्पसची वार्षिक झीज अल्झायमरच्या रुग्णांत सरासरी ४.६६ टक्के, तर त्याच वयाच्या निरोगी व्यक्तींत १.४१ टक्के आढळते. म्हणजे वर्षभरात रुग्णाच्या हिप्पोकॅम्पसमधून सुमारे १६३ घन मिलिमीटर, आणि निरोगी व्यक्तीच्या हिप्पोकॅम्पसमधून सुमारे ४९ घन मिलिमीटर इतका भाग कमी होतो.

आता ही झीज पृष्ठभागावर सर्वत्र सारखी पसरली आहे अशी कल्पना करावी. ३,५०० घन मिलिमीटर आकारमानाच्या गोलाचे पृष्ठफळ सुमारे १,१०० चौरस मिलिमीटर भरते. तेव्हा निरोगी व्यक्तीत सीमारेषा वर्षाला सुमारे ०.०४५ मिलिमीटर, म्हणजे एका व्हॉक्सेलच्या विसाव्या हिश्शाहूनही कमी, आत सरकते. रुग्णातही हे सरकणे ०.१५ मिलिमीटरच्या आसपासच राहते. हिप्पोकॅम्पस गोल नसून लांबट व वळणदार असल्यामुळे त्याचे पृष्ठफळ गोलापेक्षा अधिक असते, आणि म्हणून प्रत्यक्षातील सरकणे याहूनही कमी असते.

या साध्या हिशेबातून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. अभ्यासाचा जो विषय, म्हणजे एका वर्षातील बदल, तो पडद्यावर सीमारेषा पाहणाऱ्या तज्ज्ञाला दिसूच शकत नाही. आणि जो बदल डोळ्याला दिसत नाही, त्या बदलाच्या मोजमापातील त्याच प्रमाणाची चूकही डोळ्याला दिसणार नाही. डोळ्याने केलेली तपासणी अनावश्यक आहे असा याचा अर्थ नव्हे. तिचे कार्यक्षेत्र मर्यादित आहे, एवढाच याचा अर्थ.

३. दृष्टीने होणारी तपासणी व तिच्या मर्यादा

डोळ्याला ज्या चुका दिसतात त्या ठोकळ स्वरूपाच्या असतात, आणि त्या पकडणे हे तपासणीचे पहिले कर्तव्य होय. कवटीच्या आतील कठीण आवरण मेंदूचाच भाग म्हणून धरले जाणे, शंखखंडाच्या पुढच्या टोकाचा काही भाग विभागणीतून गळणे, शेजारची रक्तवाहिनी करड्या द्रव्यात जमा होणे, या चुका अनुभवी परीक्षकाच्या सहज ध्यानात येतात. वृद्धांच्या प्रतिमांत आणखी एक चूक वारंवार आढळते. श्वेत द्रव्यात वयोमानाने जे व्रण उद्भवतात, ते या प्रतिमांत करड्या द्रव्यासारखे काळपट दिसतात व संगणक त्यांना करडे द्रव्य समजतो. हे व्रण काळाबरोबर वाढत जातात. त्यामुळे करड्या द्रव्याची खरी झीज अंशतः झाकली जाते, आणि काळाशी बांधलेली एक चूक मोजमापात शिरते.

दृष्टीच्या तपासणीस संख्येची जोड देण्यासाठी डाइस गुणांकाचा वापर रूढ आहे. परिस्थितिविज्ञानातील सहवासाच्या अभ्यासासाठी ली डाइस यांनी १९४५ साली मांडलेला हा गुणांक दोन विभागण्या एकमेकींवर किती प्रमाणात पडतात हे सांगतो. पूर्ण जुळणीस तो १ व पूर्ण विजोडपणास ० असतो. हिप्पोकॅम्पससारख्या लहान भागासाठी ०.९० हा गुणांक सामान्यतः समाधानकारक मानला जातो. परंतु त्याचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. तज्ज्ञाने काढलेल्या ३,५०० घन मिलिमीटरच्या आकृतीत संगणकाची आकृती पूर्णपणे सामावली असेल व गुणांक ०.९० असेल, तर संगणकाच्या आकृतीचे आकारमान सुमारे २,८६४ घन मिलिमीटर, म्हणजे १८ टक्क्यांनी कमी भरते. उलट, दोन्ही आकृत्यांचे आकारमान अगदी सारखे असून केवळ स्थान किंचित ढळले असले, तरीही गुणांक ०.९० येऊ शकतो. म्हणजे एकाच समाधानकारक गुणांकात शून्यापासून १८ टक्क्यांपर्यंतचा फरक लपू शकतो. १८ टक्के म्हणजे अल्झायमरच्या रुग्णातील जवळजवळ चार वर्षांची झीज होय.

शिवाय तज्ज्ञाची आकृती हेही अंतिम प्रमाण नव्हे. हिप्पोकॅम्पस कोठे सुरू होतो व कोठे संपतो याविषयी प्रयोगशाळांची मते पूर्वापार भिन्न होती. युरोपीय व अमेरिकी संशोधकांनी १२ प्रचलित पद्धतींचा तुलनात्मक अभ्यास करून एक समान पद्धती सिद्ध केली व ती २०१५ साली प्रसिद्ध झाली. एकाच अभ्यासाच्या मध्येच व्याख्या बदलली, तर मिळणारा फरक रोगाचा की व्याख्येचा हे सांगता येणार नाही, हे त्यावरून स्पष्ट व्हावे.

४. यादृच्छिक त्रुटी व एकतर्फी त्रुटी

मोजमापातील त्रुटी दोन प्रकारच्या असतात. यादृच्छिक त्रुटी कधी अधिक तर कधी उणे पडते आणि व्यक्तींची संख्या वाढविली की सरासरीत ती विरून जाते. समजा, प्रत्येक मोजमापातील यादृच्छिक त्रुटीचे प्रमाण विचलन २ टक्के आहे. दोन मोजमापांच्या वजाबाकीत ते सुमारे २.८ टक्के होईल, म्हणजे एका निरोगी व्यक्तीच्या बाबतीत मोजावयाच्या फरकाच्या दुप्पट. तरीही १०० व्यक्तींच्या सरासरीत ते ०.२८ टक्क्यांवर येते व १.४ टक्क्यांची झीज स्पष्ट दिसू लागते.

एकतर्फी त्रुटीचे तसे नाही. दुसऱ्या भेटीतील प्रत्येक मोजमाप काही कारणाने १ टक्क्याने कमी पडत असेल, तर ते १०० व्यक्तींतही तितकेच कमी पडेल आणि १०,००० व्यक्तींतही तितकेच. संख्या वाढल्यामुळे हा चुकीचा निष्कर्ष अधिकच ठाम वाटू लागेल. मोठ्या अभ्यासांच्या काळात हा धोका कमी झालेला नसून वाढलेला आहे, कारण मोठी संख्या यादृच्छिक त्रुटी धुऊन काढते आणि एकतर्फी त्रुटी तेवढी मागे ठेवते. यावरून असे दिसून येईल की, अनुदैर्घ्य अभ्यासातील तपासणीचा मुख्य रोख मोठ्या चुकांपेक्षा काळाशी किंवा गटाशी बांधलेल्या लहान चुकांवर असावयास हवा.

५. २०१०–११ मधील उद्बोधक प्रकरण

या तत्त्वाचे प्रत्यंतर ‘ॲडनी’च्या सामग्रीवरील एका वादात आले. दोन भेटींच्या प्रतिमांची तुलना करताना त्या एकमेकींवर जुळवाव्या लागतात. साधी रीत अशी की, पहिली प्रतिमा जशीच्या तशी ठेवावयाची व दुसरी फिरवून, सरकवून तिच्याशी जुळवावयाची. परंतु प्रतिमा फिरविली की तिचे व्हॉक्सेल मूळच्या जाळीत बसत नाहीत. नव्या जाळीतील मूल्ये अंतर्वेशनाने काढावी लागतात व त्या क्रियेत प्रतिमा किंचित मऊ, धूसर होते. म्हणजे पहिली प्रतिमा रेखीव व दुसरी धूसर, असा भेद केवळ प्रक्रियेने निर्माण होतो. धूसरतेमुळे सीमारेषा हलते, आणि हा हललेला भाग झीज म्हणून नोंदला जातो.

युश्केविच व त्यांचे सहकारी यांनी २०१० साली हिप्पोकॅम्पसच्या झिजेच्या संदर्भात ही असममिती दाखवून दिली. त्याच सुमारास ‘ॲडनी’च्या सामग्रीवर आधारलेले दुसरे एक विश्लेषण प्रसिद्ध झाले होते. औषधांच्या चाचण्यांना पूर्वी समजत होते त्याहून पुष्कळ कमी रुग्ण पुरतील, असा आशादायक निष्कर्ष त्यातून निघत होता. टॉम्सन व हॉलंड यांनी २०११ साली त्यातील संख्यांची एक अगदी साधी परीक्षा केली. सहा महिने, एक वर्ष व दोन वर्षे या कालावधींतील झीज आलेखावर मांडून ती रेषा मागे शून्य काळापर्यंत नेली, तर तेथे झीज शून्य यावयास हवी. ती तशी येत नव्हती. कालावधी शून्य असतानाही झीज दिसत होती, आणि हा भाग अर्थातच मेंदूचा नसून पद्धतीचा होता. मूळ संशोधकांनीही त्याच वर्षी पद्धतीत सुधारणा करून नवे परिणाम प्रसिद्ध केले. फॉक्स, रिजवे व शॉट यांनी या प्रकरणाचे औषधचाचण्यांवरील परिणाम विशद करणारा सावधगिरीचा लेख २०११ सालीच लिहिला.

या प्रकरणातील एकही सीमारेषा डोळ्याला चुकीची दिसली नसती. शून्यावर नेलेली रेषा, ही शालेय गणितातील युक्ती, ती चूक उघड करण्यास पुरेशी ठरली. आणि पणाला लागले होते ते थोडेथोडके नव्हते. कमी रुग्णांवर आखलेली चाचणी गुणकारी औषधालाही निरुपयोगी ठरवू शकते. त्यात सहभागी झालेल्या वृद्धांचा व त्यांच्या कुटुंबीयांचा वेळ आणि विश्वास मग वाया जातो.

६. त्रुटींची अन्य उगमस्थाने

डोक्याची हालचाल हे एकतर्फी त्रुटीचे सर्वांत सामान्य कारण होय. रॉयटर व त्यांचे सहकारी यांनी २०१५ साली १२ निरोगी व्यक्तींना यंत्रात असताना मुद्दाम डोके हलविण्यास सांगून प्रतिमा घेतल्या. हालचाल जितकी अधिक, तितके करड्या द्रव्याचे आकारमान व जाडी कमी भरली. मेंदूत मात्र काहीही बदललेले नव्हते. रोग बळावत जातो तसतसे रुग्णाला स्तब्ध पडून राहणे कठीण होते. त्यामुळे हालचालीने निर्माण होणारी खोटी झीज ही रोगाच्या खऱ्या झिजेच्याच दिशेने व तिच्याच चालीने वाढत जाते. बालकांत याच्या उलट घडते. वय वाढते तसे मूल अधिक स्थिर राहते, आणि प्रतिमा सुधारत गेल्यामुळे वाढीचा आलेख वाकतो. ड्यूशार्म व त्यांचे सहकारी यांनी २०१६ साली बाह्यकाच्या जाडीच्या विकासक्रमाविषयी हेच दाखविले. सदोष प्रतिमा कडकपणे वगळल्यावर बाह्यक पातळ होण्याचा क्रम बहुतांशी सरळ रेषेत आला. तपासणीविना मात्र त्यात अधिक गुंतागुंतीची वक्रता दिसत होती. विकासाच्या सिद्धान्ताचा आकारच येथे तपासणीच्या काटेकोरपणावर अवलंबून राहिला.

यंत्र व आज्ञावली बदलणे हे दुसरे कारण. दीर्घ मुदतीच्या अभ्यासात यंत्राची सुधारणा किंवा बदल अटळ असतो. ‘ॲडनी’च्या पहिल्या टप्प्यात बव्हंशी १.५ टेस्लाची यंत्रे होती, तर पुढील टप्प्यांत ३ टेस्लाची आली. आज्ञावलीच्या बाबतीत ग्रोनेन्शिल्ड व त्यांचे सहकारी यांनी २०१२ साली त्याच प्रतिमा ‘फ्रीसर्फर’च्या निरनिराळ्या आवृत्त्यांवर चालवून पाहिल्या. आवृत्त्यांमध्ये निरनिराळ्या भागांच्या आकारमानांत सरासरी ८.८ टक्के फरक आढळला. संगणकाचा प्रकार व त्याची कार्यप्रणाली बदलल्यानेही लहान फरक पडत होते. पहिल्या भेटीच्या प्रतिमा जुन्या आवृत्तीवर व तिसऱ्या भेटीच्या प्रतिमा नव्या आवृत्तीवर चालविणे हे म्हणूनच मूलतः अग्राह्य होय.

तिसरे कारण शरीरातच आहे. मेंदूचे आकारमान दिवसाच्या वेळेनुसार व शरीरातील पाण्याच्या प्रमाणानुसार किंचित बदलते. नाकामुरा व त्यांचे सहकारी यांनी २०१५ साली मोठ्या समूहांच्या प्रतिमांवरून ते सकाळी किंचित अधिक व सायंकाळी कमी असल्याचे दाखविले. हा बदल खरा आहे, परंतु अभ्यासाचा विषय नव्हे. भेटीची वेळ शक्यतो तीच ठेवणे व ती नोंदविणे, एवढा उपाय त्यावर पुरेसा आहे.

७. तपासणीची रीत

वरील विवेचनावरून तपासणीचे एकक कोणते असावे याचे उत्तर मिळते. हे एकक सुटी प्रतिमा नसून एका व्यक्तीच्या सर्व भेटींच्या प्रतिमांची मालिका हे होय. ‘फ्रीसर्फर’च्या अनुदैर्घ्य पद्धतीची रचनाही याच तत्त्वावर आहे. रॉयटर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली मांडलेल्या या पद्धतीत प्रथम प्रत्येक प्रतिमेवर स्वतंत्र प्रक्रिया होते. नंतर त्या व्यक्तीच्या सर्व प्रतिमा मध्यवर्ती स्थानी जुळवून तिचा स्वतःचा एक साचा तयार होतो. शेवटी त्या साच्यापासून आरंभ करून प्रत्येक प्रतिमेची पुन्हा विभागणी केली जाते. कोणत्याही एका भेटीस विशेष वागणूक न मिळाल्यामुळे वर वर्णिलेली असममिती टळते. परंतु या रचनेमुळे तपासणीची जबाबदारी वाढते. मालिकेतील एखादी प्रतिमा फार सदोष असेल, तर ती साचा बिघडविते व साच्यामार्फत तो दोष निर्दोष प्रतिमांपर्यंत पोहोचतो. म्हणून साचा बनविण्यापूर्वी मूळ प्रतिमा तपासणे, नंतर साचा तपासणे आणि अखेरीस अंतिम विभागण्या शेजारी शेजारी ठेवून पाहणे, अशा तीन पायऱ्या आवश्यक ठरतात. नवीन भेटीची प्रतिमा मालिकेत आली, तर साचा व त्यावरील सर्व विभागण्या पुन्हा सिद्ध कराव्या लागतात, हेही नियोजनात धरले पाहिजे.

मूळ प्रतिमांच्या तपासणीस संख्यात्मक निर्देशांकांचे साहाय्य होते. त्यांतील ऑयलर अंक विशेष उपयुक्त ठरला आहे. मेंदूच्या प्रत्येक गोलार्धाचे बाह्यक कितीही घड्यांचे असले, तरी संस्थितीच्या दृष्टीने ते अखंड गोलपृष्ठासारखे आहे. त्यात भोके नसतात. प्रतिमा सदोष असली, की संगणकाने प्रथम रचलेल्या पृष्ठात भोके व खोटे पूल निर्माण होतात. ऑयलर अंक त्यांची मोजदाद करतो. हा अंक मानवी परीक्षकांच्या निर्णयांशी चांगला जुळतो, असे रोझेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली दाखविले. मात्र अनुदैर्घ्य पद्धतीतील अंतिम पृष्ठे साच्यापासून उतरलेली असल्यामुळे हा अंक पहिल्या, स्वतंत्र पायरीतूनच घेतला पाहिजे.

परीक्षक हाही मोजमापाचे साधनच आहे, आणि इतर साधनांप्रमाणे तोही काळाबरोबर ढळतो. पहिल्या वर्षी आलेल्या प्रतिमा पहिल्या वर्षी व तिसऱ्या वर्षी आलेल्या तिसऱ्या वर्षी तपासल्या, तर परीक्षकाच्या निकषांत मधल्या काळात झालेला बदल प्रतिमांतील बदल म्हणून नोंदला जाईल. हे टाळण्यासाठी सर्व भेटींच्या प्रतिमांची मूळ तपासणी मिसळलेल्या क्रमाने व्हावी, परीक्षकास व्यक्तीचा गट व भेटीचा क्रम कळू नये आणि काही प्रतिमा त्याच्या नकळत यादीत दोनदा घालून त्याचे स्वतःशी असलेले एकमत मोजले जावे. हाताने दुरुस्ती करावयाची असल्यास हे पथ्य अधिकच कटाक्षाने पाळावयास हवे. झीज अपेक्षित असलेल्या रुग्णाच्या दुसऱ्या प्रतिमेत परीक्षकाचा हात नकळत आत वळू शकतो. दुरुस्ती शक्य तेथे साच्यावर करावी, म्हणजे ती सर्व भेटींस सारखीच लागू होते.

अखेरीस संपूर्ण पद्धतीच्या चार परीक्षा सांगता येतात. पहिली, एकाच दिवशी लागोपाठ घेतलेल्या दोन प्रतिमांतील फरकाची सरासरी शून्य यावी. दुसरी, भेटींचा क्रम उलटा केला असता उत्तर तेवढेच परंतु विरुद्ध चिन्हाचे यावे. तिसरी, पहिल्या व दुसऱ्या भेटींमधील बदल आणि दुसऱ्या व तिसऱ्या भेटींमधील बदल यांची बेरीज पहिल्या व तिसऱ्या भेटींमधील बदलाइतकी भरावी. चौथी, कालावधी शून्याकडे नेला असता बदलही शून्याकडे जावा. यांपैकी एकाही परीक्षेस खऱ्या आकारमानाचे ज्ञान लागत नाही, आणि म्हणूनच त्या सर्वत्र करता येण्याजोग्या आहेत. लंडन येथील युनिव्हर्सिटी कॉलेजने २०१३ साली खुल्या केलेल्या ‘मिरियाड’ या संग्रहात अल्झायमरचे ४६ रुग्ण व २३ निरोगी व्यक्ती यांच्या अल्प अंतराच्या व काही लागोपाठच्या प्रतिमा आहेत. स्वतःची सामग्री अपुरी असणाऱ्या विभागास या परीक्षा त्यावर करून पाहता येतील.

८. वगळण्याचा प्रश्न

सदोष प्रतिमा वगळणे हा तपासणीचा शेवट मानला जातो. वस्तुतः तेथे एक नवा प्रश्न सुरू होतो. ज्यांच्या प्रतिमा वगळल्या जातात ते लोक उरलेल्यांसारखेच असतात काय? बहुधा नसतात. अधिक आजारी, अधिक वृद्ध, अधिक चंचल किंवा अगदी लहान वयाच्या व्यक्तींच्या प्रतिमाच अधिक सदोष असतात. त्या सर्व वगळल्या, तर उरलेला गट सुदृढ बाजूस झुकतो आणि रोगाची गती खऱ्याहून मंद भासते. न वगळल्या, तर हालचालीची खोटी झीज आत शिरते. या पेचातून पूर्णतः निर्दोष मार्ग नाही. तथापि, वगळण्याचे निकष परिणाम पाहण्यापूर्वी लिहून ठेवणे, वगळलेल्यांचे वय, रोगाची अवस्था व गट प्रसिद्ध करणे, आणि कडक व सैल अशा दोन्ही निकषांनी विश्लेषण करून निष्कर्ष टिकतो की नाही हे दाखविणे, एवढे प्रत्येक संशोधकास शक्य आहे.

अनपेक्षित मूल्यांच्या बाबतीतही समदृष्टी हवी. एखाद्या व्यक्तीचा हिप्पोकॅम्पस वर्षभरात ३ टक्क्यांनी वाढलेला दिसला, तर ते मूल्य संशयास्पद म्हणून पुन्हा तपासले जाते. परंतु ३ टक्क्यांनी घटलेला दिसला, तर अपेक्षेप्रमाणे म्हणून सोडून दिले जाते. अशी एकाच बाजूची छाननी हीच एक एकतर्फी त्रुटी होय. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अल्झायमरवरील पहिल्या लसीच्या चाचणीच्या प्रतिमांत, ज्यांच्या शरीरात प्रतिपिंडे निर्माण झाली त्या रुग्णांच्या मेंदूचे आकारमान अधिक घटल्याचे दिसले. हा निष्कर्ष अपेक्षेच्या नेमका उलट होता. असे परिणाम येतात तेव्हा, मोजमापावर दोन्ही बाजूंनी सारखा विश्वास ठेवता येतो काय, हाच पहिला प्रश्न असतो. त्याचे उत्तर परिणाम हाती आल्यानंतर नव्हे, तर त्यापूर्वीच तयार असावयास हवे.

९. भारतीय अभ्यासांच्या संदर्भात

भारतातही आता दीर्घ मुदतीचे असे अभ्यास उभे राहिले आहेत. बंगलोर येथील भारतीय विज्ञान संस्थेच्या परिसरातील मेंदू संशोधन केंद्राचा कोलार जिल्ह्यातील ग्रामीण वृद्धांविषयीचा श्रीनिवासपुर अभ्यास हे त्याचे उदाहरण होय. अशा अभ्यासांत एक विशेष गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. प्रचलित आज्ञावल्या ज्या नमुन्यांवरून शिकल्या, ते बव्हंशी पाश्चात्त्य देशांतील आहेत. ‘फ्रीसर्फर’चा मूळ नमुनासंग्रह सुमारे ४० मेंदूंचा होता. हैदराबाद येथील आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २०१९ साली १०० भारतीय मेंदूंचा प्रमाणित नकाशा सिद्ध केला. त्यात मेंदूची सरासरी लांबी, रुंदी व उंची पाश्चात्त्य नमुन्यांहून कमी आढळली. नमुना परका असल्याने होणारी चूक प्रत्येक भेटीस सारखीच राहिली, तर वजाबाकीत ती बऱ्याच अंशी निघून जाईल. ती तशी राहते की नाही, हे मात्र गृहीत न धरता वरील चार परीक्षांनी पडताळून पाहिले पाहिजे. अलीकडील खोल शिक्षणावर आधारलेल्या आज्ञावल्यांनाही हेच लागू आहे. त्या काही तासांचे काम एका मिनिटात करतात, आणि सदोष प्रतिमेवरही त्यांची सीमारेषा रेखीव व विश्वासार्ह दिसू शकते. त्यामुळे डोळ्याच्या तपासणीची मर्यादा येथे अधिकच जाणवते.

१०. समारोप

अनुदैर्घ्य अभ्यासातील गुणवत्तेची तपासणी ही सुंदर सीमारेषांची निवड नव्हे. ठोकळ चुका डोळ्याने शोधाव्यात, सूक्ष्म एकतर्फी चुका गणिती परीक्षांनी शोधाव्यात, परीक्षकाला काळ व गट यांविषयी अज्ञात ठेवावे आणि वगळलेल्यांचा हिशेब द्यावा, असे तिचे चार घटक आहेत. त्यांपैकी पहिल्याकडेच बहुतेक शोधनिबंधांचे लक्ष असते. ‘सर्व प्रतिमा दृष्टीने तपासल्या’ एवढे एकच वाक्य लिहून विषय संपविला जातो. पदव्युत्तर विद्यार्थ्याने असा निबंध वाचताना त्या वाक्याच्या पुढे चार प्रश्न विचारावेत : कोणी तपासल्या, कोणत्या क्रमाने, किती वगळल्या, आणि काळ शून्य असता फरक किती आला? या प्रश्नांची उत्तरे निबंधात असतील, तर त्यातील एक-दोन टक्क्यांच्या फरकावर विचार करण्यास आधार मिळतो. ती नसतील, तर तो फरक मेंदूतील आहे की मोजणाऱ्याच्या रीतीतील आहे, हे ठरविण्याचे साधन वाचकापाशी उरत नाही.